सुवार्तिकाच्या घरून

न्याकाबुंगो,
५ ऑगस्ट १९८७

प्रिय जोवियाचे बाबा,

प्रभूमध्ये सलाम. आम्ही सगळी ठीक आहोत, तुम्हीही बरे असाल. ज्वारी कापून झाली. जोवियाचा खोकला गेला. आईंचे पाय सुजतात, रात्री कण्हत असतात. काळी गाय आटली आहे, त्यामुळे चहा कोराच चाललाय. वाऱ्याने छपराचे पत्रे उचलले होते, ते मंडळीतले बंधू बेनोन यांनी ठोकून दिले.

रविवारी शेजारच्या रेडिओवर तुमचं प्रवचन ऐकलं. सारं गाव अंगणात जमलं होतं. मोहापासून कसं वाचावं, ते तुम्ही फार छान सांगितलंत. पोटीफरच्या बायकोच्या हातात झगा टाकून योसेफ पळाला, तसे पळा म्हणालात. बायका माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नशीबवान आहेस गं केडरेस!" मी हसले. पण योसेफाच्या गळ्यात अंथरुणाला खिळलेली सासू नव्हती, की उतारावरचं रताळ्याचं शेत नव्हतं. मी पळून जाऊ कुठं?

मी थकले आहे, एरिफाझी.

बेनोनची बायको वारल्यापासून तो एकटाच असतो, हे तुम्हाला माहीत आहे. पत्रे झाले, मग कुंपण झालं. एकदा मी शेतातून आले, तर तो आपल्या घरचं जळण फोडत होता. वर न बघताच म्हणाला, "आधी चार घास खाऊन घ्या. काम कुठं जात नाही." मी चुलीपाशी जाऊन रडले. असं मला शेवटचं कोण कधी म्हणालं होतं, ते आठवेना.

काही घडलेलं नाही. बोटाला बोटही लागलेलं नाही. पण तो येणार असला की मी डोक्याला चांगला रुमाल बांधते.

मंडळीच्या शुक्रवारच्या संगतीत सगळे आपापलं पाप उजेडात आणतात. मीही सांगायचं ठरवूनच उभी राहिले. समोर बेनोन बसला होता. तोंडातून निघालं, "शेजारणीची कोंबडी माझ्या वाफ्यात शिरली, म्हणून मी तिला नको नको ते बोलले." सगळ्यांनी गाणं म्हटलं, मिठ्या मारल्या. म्हातारी एडरेडा डोळे पुसत म्हणाली, "किती कोवळं गं मन तुझं!"

त्याची अब्रू जाईल म्हणून गप्प राहिले, अशी स्वतःची समजूत घालत घरी आले. ते खरं नव्हतं. सांगितलं असतं तर मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी त्याचं येणं बंद केलं असतं. आणि तो मला यायला हवा होता.

प्रार्थना करते. पहाटेची दुपारपर्यंत कशीबशी पुरते. उपास धरला, तर शेतात चक्कर आली. त्याच्या दारावरून जायला नको म्हणून पाणी लांबच्या वाटेनं आणते. त्या फेऱ्यांनी खांदे तेवढे भरून आले. आईंना सगळं कळतं. परवा त्याचा चहा संपायच्या आत त्या आतून ओरडल्या, "बेनोन, तुझ्या शेळ्या ओरडतायत रे! आणि सूनबाई, तू माझे पाय चोळ." त्याच्या शेळ्या तर टेकडीपलीकडे होत्या. पाय चोळताना मला म्हणाल्या, "माझा लेक सगळ्या मुलखाला तारत फिरतोय. त्याला लिही, एक झोपडी राहिलीय म्हणावं." आम्ही दोघी हसलो, आणि मी पाय चोळत राहिले.

येत्या सोमवारी तो गोठ्याची भिंत घालायला येणार होता. काल ओढ्यावर भेटला, तेव्हा मीच सांगितलं, येऊ नका. त्याचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का?"

"नाही," मी म्हणाले. "जोवियाचे बाबा येतायत. तेच घालतील."

तो बरं म्हणाला आणि गेला. मी पाणी न भरताच घरी आले.

मला वचनं लिहून पाठवू नका, ती मला पाठ आहेत. मोठा सुवार्तिकही नको, त्याला ऐकायला रेडिओ आहे. भिंत घालणारा आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून जेवणारा माणूस हवा. काल ओढ्यावर मी खरं बोलले की खोटं, ते आता तुम्ही ठरवा.

अजून तुमचीच,
केडरेस