समोरच्या देशाचा वकील

प्रिय सर,

तुमच्या शोकसभेत मी तुमच्याविरुद्ध बोललो. त्याचा खुलासा गावाला द्यायची मला गरज वाटत नाही. तुम्हाला मात्र दिला पाहिजे.

आठवतं ना, आपली सुरुवात कशी झाली? कायद्याचे निवृत्त प्राध्यापक, पाण्याची जळालेली मोटार घेऊन शहाद्याला माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानात आलात. मी तार गुंडाळत होतो, तुम्ही स्टुलावर बसून सांगत होतात. परदेशात लढाई पेटली, तिथले आपले मजूर पगार नि घरं टाकून पळाले, आणि लढाई पेटवणाऱ्या देशाविरुद्ध त्यांच्या भरपाईचे दावे तुम्ही वर्षानुवर्षं आंतरराष्ट्रीय आयोगापुढे चालवलेत. आता त्यावर पुस्तक लिहीत होतात. मध्येच म्हणालात, "तू समोरना देश व्हय. माले आडाव."

मी दहावी. इंग्रजी शब्दकोशातून एकट्याने शिकलेलो. पण पुरावा मागायची खोड जन्मजात! हा मजूर तिथे कामाला होता, हे कशावरून? मी अडवलं की तुम्ही खूश व्हायचात आणि घरी जाऊन पान नव्याने लिहायचात. शेजारचा पानवाला रोज विचारायचा, "आज कोणता देश शेस रे तू?"

शोकसभेत मात्र सगळे एकाच बाजूने बोलले. तुमच्या कोरीट गावचे भाऊबंद मागच्या रांगेत बसलेले. त्यांच्याकडे पाहून मी म्हणालो, सरांनी जगासाठी ग्रंथ लिहिले, सगळे इंग्रजीत. आपल्यासाठी मराठीत एक पानही नाही. अध्यक्षांनी माइकच काढून घेतला.

काय चुकलं माझं? मराठीत लिहा, असं तोंडावर कितीदा सांगितलं होतं तुम्हाला! दर वेळी तुमचं एकच, पुढच्या वर्षी. असं करतात का, सर?

नंतर तुमच्या घरी यायला मन धजेना. शेवटी काकूच दुकानात आल्या. वाटलं, संपला संबंध. त्या स्टुलावर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "समोरनी बाजू तू मांडी, बरं व्हयनं. आते त्यासनी बाजू बी तूच मांड."

मांडतो. तुम्ही म्हणाला असतात, जे इंग्रजीत छापलं, ते आधी तुझ्याच दुकानात आपल्या बोलीत भांडून घेतलं होतं. खरंच की! एकेक मुद्दा.

ती भांडणं मी मराठीत लिहून काढतो, सर. काकूंना तसा शब्द दिलाय. तुमचे दावे लिहीन, माझ्या हरकतीही पातळ न करता लिहीन. आणि जिथे तुमचं उत्तर आठवणार नाही, तिथे माझं वाक्य तुमच्या तोंडी घालणार नाही. जागा कोरी ठेवीन.

तुमचा,
भटू