लागू नसेल ते खोडा

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्लास्टरचा अकरावा दिवस. पाय स्टुलावर, स्टूल खिडकीत, मी वैतागलेला. नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसताना, माणसाने पाय मोडून घेऊ नये.

सुमाचा अमरावतीहून फोन. अर्थात नंदाला. माझी धाकटी बहीण माझ्या बायकोशी अर्धा अर्धा तास बोलते. मला दिवाळीला एक मेसेज. माधवरावांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या, डोळ्याचा पडदा सरकलाय. ऑपरेशन परवा, पुण्यात. नंदा म्हणाली, इथेच उतरा. सुमा म्हणाली, नको, तुमचे जिने फार, दवाखान्याजवळ हॉटेल बघ.

जिने! तीन वर्षांपूर्वी हेच जिने चढून दोघं आली होती. दुपारचे तीन वाजलेले. मी दारातच विचारलं, "जेवूनच आला असाल ना?" साधी चौकशी. "हो" म्हणाली, चहा घेतला, तासाभरात गेली. दोघं उपाशी होती हे नंदाकडून महिन्याने कळलं. तेव्हापासून हे असं.

नंदाच्या हातून फोन घेतला. म्हटलं, हॉटेलचं मी बघतो, तेवढं तरी करू दे. पलीकडून "बरं, दादा." दादा म्हणाली! दिवसभर खुशीत.

४ फेब्रु., बुध

हॉटेलचं म्हणणं, कार्डवाला स्वतः येणार नसेल तर संमतीचा फॉर्म भरून पाठवा. सोबत कार्डाची झेरॉक्स, मधले आकडे झाकून. झाकायला नंदाच्या टिकल्या लावल्या. "अहो, नवं पाकीट होतं ते!" असू दे.

फॉर्म इंग्रजीत. ३४ वर्षं सरकारी कचेरीत दुसऱ्यांचे अर्ज तपासले, आपल्याला काय शिकवणार. पाहुण्याशी नातं : 'ब्रदर' पुरेसं होतं. 'रिअल ब्रदर' लिहिलं. शेवटी दोन चौकटी, एक 'फक्त खोली', दुसरी 'खोली, जेवण, सर्व खर्च'. सर्व खर्च माझा. फॉर्म गेला, मंजूर झाला.

६ शुक्र

ऑपरेशन काल नीट झालं. डोळ्यात गॅस भरलाय, मा.रावांना तीन-चार दिवस पालथं पडून राहायचंय. सुमाला खोलीतून हलता येत नाही. नंदाला सर्दी, डोळ्याच्या पेशंटजवळ नको, म्हणून गेली नाही. रुखरुख करत होती. म्हटलं, काळजी कशाला, हॉटेलात सगळं हातात मिळतंय.

७ शनि

नंदा मास्क लावून जाऊन आली. चप्पलसुद्धा न काढता समोर उभी राहिली.

"तुम्ही त्या फॉर्मवर काय लिहिलंत?"

हॉटेलच्या खोलीत केळ्यांची सालं, बिस्किटांचे पुडे. अमरावतीहून प्रवासासाठी आणलेला चिवडा तळाला गेलेला. पहिल्याच दुपारी सुमाने खाली फोन करून दोन वरण-भात सांगितले, तर उत्तर आलं, "मॅडम, तुमच्या ब्रदरनी फक्त खोलीला परवानगी दिली आहे, जेवणाला नाही." हिने "ठीक आहे" म्हणून फोन ठेवला. मा.रावांचा डोळा लागला की पळत जाऊन कोपऱ्यावरून दूध-पाव आणायची. स्वतःचे पैसे देऊन मागवू शकली असती. नाही मागवलं. तीही माझीच बहीण.

फॉर्मचा फोटो पाहिला. 'फक्त खोली'च्या चौकटीवर माझी फुली. सरळ, ठसठशीत. आमच्या प्रत्येक अर्जाच्या तळाला एकच ओळ असायची, 'लागू नसेल ते खोडावे'. मला फक्त खोली नको होती, म्हणून मी ती खोडली. हॉटेलवाल्यांनी फुलीलाच होकार समजलं. तिथे हव्या त्या चौकटीत खूण करायची होती म्हणे, वर लिहिलंही आहे बारीक अक्षरात. मी वाचलं नाही. मी!

ऑपरेशन झालेला माणूस पालथा पडून पाव खातोय आणि मी इथे गरम आमटी ओरपतोय. लाज वाटली. रात्री जेवलो नाही. नंदाने आग्रहही केला नाही.

८ रवि

सकाळीच नवा फॉर्म. हॉटेलचा निरोप, "ओके सर". नंदा डबा देऊन आली, झाला घोटाळा तिने सांगितला. सुमाला दोनदा फोन केला. उचलला नाही.

९ सोम

गेलो. तीन मजले बसून, एकेक पायरी सरकत. नंदा पुढे, कुबड्या तिच्या हातात, तोंडाने माझा उद्धार. पहिल्याच रिक्षावाल्याने यायला होकार दिला, हे मुद्दाम नोंदवतो.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही स्वतः आलात, आता फॉर्मची गरज नाही."

सुमा खाली आली. वाळलीये. केस पांढरे केव्हा झाले? मी कागद काढून चौकट, फुली, सगळं समजावू लागलो. तिने मध्येच थांबवलं.

"कळलं रे दादा. वहिनीने सांगितलं. चूक झाली."

"मग झालं तर."

"झालं कसं? त्या मुलीने सांगितलं, आणि मला लगेच खरं वाटलं. एकदाही मनात आलं नाही की दादाला फोन करून विचारावं. याचं काय करायचं, सांग."

मी कागदाची घडी करून खिशात घातली. डोळ्यांत पाणी आलं, तिच्यासमोरच. ती प्लास्टरकडे बघत राहिली.

खोली उद्यापर्यंतच आहे, गाडी परवा संध्याकाळची. काउंटरवरून विचारलं, एक दिवस वाढवायचा का? मी सुमाकडे पाहिलं. घरी या म्हणायचं होतं, पण माझे जिने तिला माहीत आहेत.

"उद्या सांगते," म्हणाली.

घरी आल्यापासून नंदा आतली खोली आवरतेय. म्हटलं, अगं, अजून कशात काही नाही. ती म्हणाली, "उद्या तिचा फोन मी घेईन, तुम्ही मध्ये बोलू नका."

नाही म्हटलं. फोन मीच घेणार.