न भाजलेला राब

आये, आज दुपारी शाळेच्या खिडकीतून धूर आत आला. आठवीच्या मुलींना पुढचा धडा मनात वाचायला सांगून मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. नदीपलीकडच्या शेतांत भाताच्या रोपांसाठी राब भाजत होते. दर चैत्रात हा धूर येतो आणि दर चैत्रात मी तुला पत्र लिहायचं ठरवते. तुला वाचता येत नव्हतं. मी पुण्याहून पाठवलेली कार्डं पोस्टमन ओट्यावर बसून तुला वाचून दाखवायचा, आणि त्यालाही सगळं कळेल म्हणून मी त्यात खरं असं काही लिहीतच नसे. ‘मी खुशाल आहे, तब्येतीस जपावे.’ आता मध्ये कोणी नाही. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली.

पुण्यात मी कशी राहते हे तू सुट्टीत पुन्हा पुन्हा विचारायचीस आणि मी दोन शब्दांत उरकायचे. तर सांगते. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही चौघी होतो. चार खाटा, चार ट्रंका, एक खिडकी. सकाळी नळावर रांग, मग डोक्याला चपचपीत तेल लावून, दोन वेण्या घालून मैलभर चालत कॉलेज. सायन्सच्या वर्गात सहा मुली, सगळ्या पहिल्या बाकावर; सर वर्गात येईपर्यंत आम्ही बाहेर उभ्या राहायचो आणि त्यांच्या मागोमाग आत शिरायचो. पुस्तकं विकत घेणं जमत नसे. वाचनालयातून पुस्तक तीन दिवसांसाठी मिळे, ते मी हातानं उतरवून काढायचे. प्रयोगशाळेत पांढरा कोट लागतो असं मी कळवलं, तेव्हा बाबा माथेरानच्या ज्या हॉटेलात काम करायचे तिथली एक जुनी चादर त्यांनी मागून आणली आणि तू ती कापून हातानं कोट शिवलास. खिशाच्या आत हॉटेलची धोब्याची खूण तशीच राहिली होती. खोलीतल्या मुली म्हणायच्या, “अगं, ही तर अख्खं हॉटेल अंगावर घालून फिरते.” मी हसायचे. मला त्या कोटाचा अभिमान होता, हे तेवढं खरं आहे.

इंटरच्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या तासाला सरांनी जमिनीचा कस शिकवला. कोकणात शेणखत आणि झाडांच्या फांद्या जाळून टाकतात, पिकाचं अन्न धुरात जातं, डोंगर उघडे पडतात, असं ते म्हणाले. माझे कान तापले. ते आपल्याबद्दल बोलत होते. तास संपल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. “तुमच्याकडे राब करतात?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. “मग तुमच्यासारख्या मुलींनीच घरी जाऊन सांगायला हवं.” आये, त्या वयात मला वाटायचं की माणसाला फक्त माहीत नसतं. नीट सांगितलं की तो सुधारतो, गाव सुधारतं, देश सुधारतो. ते वाक्य घेऊन मी सुट्टीत घरी आले.

मी आले तेव्हा राब रचून तयार होता. फाल्गुनभर तू डोक्यावरून ऐनाच्या फांद्या आणून रोपाच्या जागेवर थर लावले होतेस. खाली शेण, वर फांद्या, त्यावर वाळक्या पानांचा पातेरा, गवत, वरून भुरभुरवलेली माती. हे सगळं संथ जाळून जमीन भाजायची आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेत भात पेरायचं. बाबा माथेरानला, हॉटेलं पावसाळ्यात बंद होईपर्यंत ते खाली येत नसत. म्हणून राब तुझ्याच अंगावर असायचा. मला अजून दिसतंय: पहाट उलटून गेलेली, वारा पडलाय, तू बांधावर पेटती गवरी हातात धरून उभी आहेस, आणि मी पायांत चपला न घालता धावत येतेय.

“आये, थांब. हे जाळायचं नाही.”

“मंग काय करायचं गं? वारा पडलाय तवर लावाया हवा.”

मी तुला बांधावर बसवून सगळं सांगितलं. शेण जाळायचं नाही, कुजवून मातीत घालायचं. तू नीट ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, “पन राब नाय भाजला तर तण मातंल ना?”

“तण उपटू आपण.”

“आपन?” तू हसलीस. “तुजं कॉलेज उगडंल तवा तू पुन्यात, नि मी हितं वाकलेली.”

मला राग आला. “मग मला शिकायला कशाला धाडलंस?”

तू गवरीवरची राख फुंकलीस. मग म्हणालीस, “बरं. मंग असं करू या का? एक कोपरा तुज्या रीतीनं, बाकी आपल्या. बघू तरी.”

“अर्धवट करून काही कळत नाही,” मी म्हटलं.

तू पेटती गवरी मातीत दाबून विझवलीस. चार दिवस आपण दोघींनी रचलेल्या फांद्या उचलल्या आणि शेण कुदळीनं मातीत मिसळलं. ते शेण कुजलेलंही नव्हतं. कुजायला काय लागतं हे वहीत होतं, पण मला धीर नव्हता. शेजारची काकू कळशी घेऊन जाताना थांबली. “काय वैनी, औंदा भाकरी कच्चीच खायाची का?” तू मान वर न करता म्हणालीस, “आमच्या पोरीनं पुस्तकात वाचलंय. तुज्या पोरीला पन धाड शाळंत, मंग बोल.”

पाऊस लागला. कॉलेज उघडायला चार दिवस राहिले होते तेव्हा बाबा माथेरानहून उतरले आणि पाय धुवायच्या आधी रोपं बघायला गेले. तण वीतभर वर आलं होतं. त्याच्या आत भाताची काडी बारीक, पिवळी, जागोजाग विरळ. परत येऊन ते उंबऱ्यात उभे राहिले. “राब कुनी नाय भाजला?”

“मीच,” तू म्हणालीस. “पाठीत उसण भरली व्हती. उरकलं नाय.”

“येवड्या सालांत कदी नाय भरली ती?”

मी ट्रंकेपाशी बसून पुस्तकांना खाकी कागद घालत होते. मी कागदाची कड मुडपली, पुढचं पुस्तक घेतलं. तू माझ्याकडे पाहिलंदेखील नाहीस, त्यांनीही पाहू नये म्हणून. चार दिवस मी तुझ्याबरोबर तण काढलं. मग मी गेले.

पुढचं मला तुझ्या माघारी काकूनं सांगितलं. गावात रोपं मागितली तर लोक हसतील, पोरीला नावं ठेवतील, म्हणून तू नदीपलीकडच्या गावात लावणीला गेलीस. मजुरी नको, उरलेली रोपं द्या, म्हणालीस. दिवसभर लोकांच्या चिखलात, आणि परतताना ओल्या रोपांचा भारा डोक्यावर, त्याचं पाणी अंगावर गळत असलेलं. उरलेली रोपं जून, निबर झालेली. ती लावून काय येणार? आपली अर्धी खाचरं त्या वर्षी मोकळीच राहिली.

त्याच दिवसांत मी कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत उभी होते. विषय होता विज्ञान आणि खेडं. मी म्हटलं, माझ्या निरक्षर आईनं या वर्षी राब भाजणं बंद केलं. टाळ्या पडल्या. पिवळी रोपं मी डोळ्यांनी पाहून आले होते, आये. दुसरं बक्षीस मिळालं, एक स्टीलचा पेला. दिवाळीत मी तो तुझ्या हातात दिला. तू तो पदरानं पुसून फळीवर ठेवलास. आल्यागेल्याला दाखवायचीस. “कशावर बोललीस गं?” मी म्हटलं, शेतीवर. “मंग चांगलीच बोलली असशील,” तू म्हणालीस, आणि त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

तुझा खोकला पावसाळ्यातच सुरू झाला होता. पौषात बाबांनी लिहून घेतलेलं कार्ड मला उशिरा मिळालं. मी आले तेव्हा तू चुलीजवळ घोंगडीवर पडलेली, छाती भात्यासारखी चाललेली. कर्जतचे डॉक्टर म्हणाले, छाती आधीपासूनच धरली होती, एका पावसानं असं होत नाही. त्यांना कुठला पाऊस ते माहीत नव्हतं. मी तुला पेल्यातून घोट घोट पाणी पाजलं. तू माझं मनगट धरलंस आणि विचारलंस, “औंदा भाजू ना गं राब?”

तू मला विचारलंस. परवानगी मागितल्यासारखं. मी म्हटलं, “भाज, आये.” तिसऱ्या दिवशी तू गेलीस. तो राब कोणीच भाजला नाही. बाबांनी पुन्हा रोपं टाकली नाहीत, खाचरं दुसऱ्याला कसायला दिली. पुढे मी पास झाले, आपल्या घरातली पहिली पदवी घेऊन आले आणि ती कुणाला दाखवायची हे न कळून ट्रंकेत ठेवली.

बाबांना मी पुढे कधीतरी सांगितलं की राब तू नाही, मी थांबवला. म्हटलं, कॉलेजात सरांनी तसंच सांगितलं होतं. बाबा मरेपर्यंत त्या सरांना बोल लावत राहिले. “त्या मास्तराचं काय गेलं?” म्हणायचे. मी ऐकून घ्यायचे.

ते खोटं होतं, आये. त्या दिवशी जिन्यात सर वाक्य संपवून थांबले नव्हते. दोन पायऱ्या उतरून ते वळले आणि म्हणाले, “पण तुमची जमीन मी पाहिलेली नाही. आधी एका कोपऱ्यात करून बघा.” तू बांधावर तेच म्हणालीस, कॉलेजची पायरी न चढता. मी ते वाक्य ओळखलं होतं. ओळखलं म्हणूनच मला राग आला. तुला आधीच कळत असेल तर मी काय शिकून आले?

आज धूर आत आला तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, पुस्तकात लिवलंय राब भाजू नये. आमचे आजा म्हनतात, नाय भाजला तर भात नाय. खरं काय?” वर्ग माझ्याकडे बघत होता. मी तिला एवढंच सांगायला हवं होतं: आजोबांना म्हण, एका कोपऱ्यात करून बघू या.

मी म्हटलं, “परीक्षेत पुस्तकातलं लिही,” आणि खिडकी लावून घेतली.