बांधचेंडूचा चौदावा नियम रद्द करण्याबाबत

मी, आत्माराम यशवंत शिगवण, वय वर्षे ७६, धंदा निवृत्त पी.टी. शिक्षक, राहणार मौजे कातळवाडी, तालुका व जिल्हा रत्नागिरी, आज रोजी पूर्ण शुद्धीत, चष्मा पुसून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डाव्या गुडघ्यात वंगण उरलेले नाही, एवढे सोडल्यास प्रकृती ठीक आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना डॉक्टर हसत होते, पण सही त्यांनी केली आहे. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. नियम मात्र पुष्कळ केले आणि त्यांतला एक फार वाईट केला. हे लिखाण मुख्यतः त्या एका नियमासाठी आहे. बाकीची वाटणी जाता जाता उरकतो.

१. राहते घर, पडवी, विहीर आणि घरामागचे नऊ आंबे हे सर्व माझा एकुलता मुलगा विनोद याला द्यावे. तो डोंबिवलीला असतो. गणपतीला येतो आणि शिमग्याला येतो, आणि आल्या आल्या मोबाइल डोक्यावर धरून अंगणभर रेंज शोधत फिरतो. त्याची आई असती तर म्हणाली असती की पोरगा आरती ओवाळतोय. बँकेतली ठेवही त्यालाच. ती किती आहे हे त्याला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे.

२. चुलतभाऊ केरू याला माझ्या तिन्ही लुंग्या द्याव्यात. कारण पुढे नियम सहामध्ये येईल.

३. शाळेने निरोपाला दिलेले भिंतीवरचे घड्याळ कोणालाही देऊ नये. ते पहिल्या दिवसापासून बंद आहे. ज्याला हवे त्याने आपल्या जबाबदारीवर न्यावे.

४. आता खरी मिळकत. गट नंबर ११२ मधील भातशेतीचे तीन कुणगे, उतारावर पायऱ्यांसारखे एकाखाली एक, मध्ये दोन बांध. हे मी १९७८ साली माझ्या पगारातून विकत घेतले, वडिलोपार्जित नाहीत. विनोदने एका गृहस्थांना ते दोनदा दाखवले आहेत. त्या गृहस्थांना तिथे शहरातल्या लोकांसाठी बंगले बांधायचे आहेत. दोन्ही वेळा त्यांनी मला विचारले, "मधले हे बांध काढले तर चालतील ना?" बांध काढले तर बांधचेंडू कुठे खेळणार, हे त्यांना कोण सांगणार? जगात हा खेळ फक्त याच तीन कुणग्यांत खेळला गेला आहे. अनेकांच्या मते तेवढेही पुष्कळ झाले.

५. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, म्हणजे जवळजवळ सर्वांनीच, त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. १९७९ साली शाळेला मैदान नव्हते. जिल्ह्यात सपाट जागा म्हणजे एक तर कातळ, नाही तर समुद्रकिनारा. पहिला प्रयोग मी मांडवीच्या वाळूत केला. चेंडू सुंभाचा होता. तो दोनदा लाटेत गेला आणि पाणी पिऊन असा जड झाला की झेलणाऱ्याचा अंगठा निखळला. मग मी कापणी झालेल्या कुणग्यांत उतरलो आणि सोबत भिवाला घेतले.

भिवा धोंडू तांबे हा बौद्धवाडीतला, माझ्याच वयाचा, नाक्यावर सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणारा. चेंडू त्याने केला. आत जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, वर सुंभ, त्यामुळे तो उडायचाही आणि हाताला धरायलाही बरा. वरच्या कुणग्याच्या टोकाला एक आणि खालच्या कुणग्याच्या टोकाला एक, असे बांबूचे दोन मोठे हारे, म्हणजे टोपल्या, खांबांना बांधले. समोरच्यांच्या हाऱ्यात चेंडू टाकला की एक गुण. एवढेच माझे होते. पहिल्या दिवशी वरचे लोक चेंडू काखेत घेऊन उतारावरून सुटले आणि खालच्यांना तुडवत गेले. तिघांना खरचटले, आणि केरू शेजारच्या उकिरड्यात सापडला. मी म्हणालो, खेळ चांगला आहे. भिवा म्हणाला, "मास्तर, ह्यो खेळ न्हाय, ही दरड हाय."

मग त्याने बांधावर उभे राहून दोन नियम सांगितले, ते आजही तसेच आहेत. चेंडू हातात घेऊन बांध ओलांडायचा नाही. बांधापलीकडच्या आपल्या माणसाला फेकायचा, आणि मग मोकळ्या हाताने आपण जायचे. आणि वरची बाजू सहा जणांची, खालची सात जणांची. प्रत्येक गुणानंतर बाजू बदलायची. या दोन नियमांनी दरडीचा खेळ झाला. वहीत मी त्यांना नियम एक आणि नियम दोन असे लिहिले आणि खाली माझे नाव घातले. हेही इथे कबूल करून टाकतो.

६. बाकीचे नियम अनुभवातून आले. नियम चार : चेंडू गुराला लागल्यास खेळ चालू राहील, गुराने तो खाण्याचा प्रयत्न केल्यास थांबेल. नियम पाच : मध्यंतर दुपारची बस वळणावर दिसली की. एका रविवारी बस आलीच नाही, सर्व जण तीन तास खेळले आणि दोघांना उलट्या झाल्या, तेव्हापासून "किंवा पंच सांगेल तेव्हा" असे जोडले. नियम सहा : लुंगी नेसून खेळू नये. १९८२ साली केरूने चेंडू लुंगीत दडवला, पोट दुखते म्हणून कण्हत दोन्ही बांध ओलांडले आणि हाऱ्यापाशी जाऊन बरा झाला. तो गुण मी धरला नाही. केरू अजून धरतो.

नियम आठ माझी पत्नी गोदा हिचा. आधी ती बांधावर बसून मटकी निवडत आम्हाला हसायची. एकदा खालच्या बाजूला माणूस कमी पडला तेव्हा पदर खोचून उतरली आणि वरच्या बांधावरून सरळ हाऱ्यात चेंडू टाकला. पुरुषमंडळींनी विचारविनिमय केला. गोदा म्हणाली, "तुमचा इचार हुईपरेंत मी आजून एक टाकतंय." टाकला. म्हणून नियम आठ : स्त्रिया खेळतील.

७. आता चौदावा. इथे माझे अक्षर बिघडले तर वाचणाऱ्याने समजून घ्यावे.

१९८६ च्या शिमग्यात आम्ही पहिली स्पर्धा ठरवली. पाच गावांचे संघ येणार होते, आणि तालुक्याहून एक क्रीडा अधिकारी बघायला येणार होते. त्यांना आवडले तर खेळ शाळाशाळांत जाईल, असे मला कोणीतरी सांगितले होते. माझ्या डोक्यात वारे शिरले. मी आरशासमोर सत्काराचे भाषणसुद्धा करून पाहिले होते. स्पर्धेच्या आठ दिवस आधी गावचे मानकरी भिकाजी पडवीत येऊन बसले. स्पर्धा शिमग्यातली, म्हणजे देवीच्या नावाची, असे त्यांचे म्हणणे. "मंग खेळनारे पालखीच्या घरातलेच व्हवे. न्हायतर एकबी गाव यायचा न्हाय, मास्तर."

आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. बौद्धवाडीने १९५६ नंतर पालखी घेणे बंद केले, आणि ते त्यांचे बरोबरच होते. त्यामुळे भिकाजींना कोणाचे नाव घ्यावे लागले नाही, आणि मलाही लागले नाही. मी वहीत लिहिले : नियम चौदा, ज्या घरी शिमग्याची पालखी येते त्याच घरातील खेळाडूस भाग घेता येईल. सुवाच्य लिहिले. शाळेच्या फळ्यावरही लिहिले, रंगीत खडूने.

भिवा दुसऱ्या दिवशी स्पर्धेसाठी केलेला नवा चेंडू घेऊन आला. फळा वाचला. म्हणाला, "मास्तर, आक्षार ब्येस आलाय." चेंडू टेबलावर ठेवला आणि गेला. मी त्याच्या मागे गेलो नाही. जायला पन्नास पावलेही नव्हती, तरी गेलो नाही. त्या रात्री गोदाने मला जेवायला वाढले आणि स्वतः चुलीपाशी पाठ करून बसली. मी विचारले काय झाले, तर म्हणाली, "तुमी मास्तर हाव ना? मंग तुमीच सांगा." पुढे बत्तीस वर्षे तिने संसार केला, पण बांधावर ती पुन्हा बसली नाही. मला लाज वाटायची आणि ती लपवायला मी तिच्यावरच चिडायचो.

स्पर्धेचे काय झाले ते लिहिण्याची गरज नव्हती, पण लिहितो, कारण त्यात मला अजून गंमत वाटते. भिवाशिवाय बांधापलीकडे नेमका चेंडू फेकणारा कोणी नव्हता. पंच भिकाजी खुर्चीत झोपले. दुसऱ्या सामन्यात मारामारी झाली. क्रीडा अधिकारी कोंबडी-वडे खाऊन उठले आणि म्हणाले, "शिगवण सर, जेवण उत्तम होतं." खेळ आणखी तीन वर्षे धुगधुगला आणि संपला. अधिकाऱ्यांना माझ्याकडून काहीही देऊ नये. भिकाजी आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. पंचाची ती खुर्ची त्यांना द्यावी आणि झोपू द्यावे.

त्यानंतर एकोणचाळीस वर्षे भिवा आणि मी रोज नाक्यावर भेटतो. पंक्चरबद्दल बोलतो, पावसाबद्दल बोलतो, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतो. त्या नियमाबद्दल एक अक्षर नाही. तो काढत नाही म्हणून मीही काढत नाही, अशी मी माझी समजूत घालून ठेवली आहे.

८. तरी मी, खेळाचा नियमकर्ता या नात्याने, नियम चौदा आज रद्द करत आहे. नियम एक आणि दोन भिवा धोंडू तांबे यांचे आहेत असे वहीत लाल शाईने दुरुस्त केले आहे. तिन्ही कुणगे आणि नियमांची वही भिवाची नात करुणा हिला द्यावी. ती रत्नागिरीत शाळेत पी.टी. शिकवते आणि तिने मला दोनदा विचारले आहे, "सर, तो खेळ परत चालू करूया का? आमच्या मुली हट्टच धरून बसल्यात." दोन्ही वेळा मी खोकलो. तिच्या वडिलांच्या नावे सातबारा आहे, तेव्हा ती शेतकरी नाही असा आक्षेप कोणी काढू नये. माझ्या तेराव्यानंतरच्या पहिल्या रविवारी दोन्ही वाड्यांनी मिळून सामना खेळावा. विनोद, तुला वाईट वाटेल. वाटू दे. नऊ आंबे आहेत, त्यांच्याकडे बघ.

मात्र अट एक. भिवाने या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली पाहिजे. त्याने नाकारली तर कलम आठ आपोआप रद्द होईल, कुणगे विनोदला जातील आणि त्याने ते खुशाल विकावेत. ज्याचा खेळ मी त्याच्याकडून काढून घेतला, त्यालाच तो नको असेल, तर ते बांध राखून मी कोणाला दाखवू? वकीलसाहेब म्हणाले, अशी अट कोणी घालत नाही. मी म्हणालो, असा नियमही कोणी केला नव्हता.

ठिकाण : कातळवाडी. बुधवार, दिनांक ५ फेब्रुवारी २०२५.

लिहून ठेवणार : आत्माराम यशवंत शिगवण (सही)

साक्षीदार क्रमांक १ : दीपक भिकाजी गोताड, शेजारी (सही). लिहून ठेवणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. पंचाच्या खुर्चीबद्दल वडिलांना मी सांगितलेले नाही.

साक्षीदार क्रमांक २ : मी भिवा धोंडू तांबे. कागद दोनदा वाचला. मास्तरने चूक कबूल केली ती मेल्यावर उघडायच्या कागदात. तेव्हा हा नसणार, आणि मी कोणाकडे बघू? फळ्यावर सगळ्यांसमोर लिहिलं होतं, तसं सगळ्यांसमोर वाचावं. जिवंतपणी. सही तोपर्यंत नाही.

पुरवणी, रविवार, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५. कलम सात आणि आठ मी आज सकाळी बौद्धवाडीत, विहाराच्या अंगणात, उभा राहून मोठ्याने वाचले. दोन्ही वाड्यांची मिळून साठ-सत्तर माणसे होती. केरू आला होता, लुंगी नेसून. कलम सात संपल्यावर करुणाने पाणी दिले. वाचून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरे झाले. मी भिवाला म्हणालो, चुकलो. तो म्हणाला, "म्हाईत हाय. पन तुज्या तोंडून आयकायचा व्हता." — आत्माराम यशवंत शिगवण (सही). या पुरवणीवरही साक्षीदार दीपक भिकाजी गोताड (सही).

साक्षीदार क्रमांक २ : मास्तरने मूळ कागदावर आणि पुरवणीवर माझ्यासमोर पुन्हा सही केली, म्हणून मीही दोन्हीला साक्षीची सही करतो. कलम आठमध्ये तेराव्यानंतरचा रविवार लिहिला आहे तो मी खोडला. तेवढी वाट बघायला मला वेळ नाही. सामना १६ तारखेला, सकाळी आठ वाजता. वरच्या बाजूला मास्तर, खालच्या बाजूला मी. — भिवा धोंडू तांबे (सही)