कोबीचा वास आणि काळे भुंगेरे

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून तो कागदावरच घालतो.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी तुम्हाला जिना चढू देत नाहीत असं आईकडून कळलं, मामींचंच ऐका. मी खुशाल आहे. नोकरीही अजून आहे. हे शेवटचं वाक्य लिहिताना मला किती हायसं वाटलं, ते पुढे कळेलच.

आमच्या संशोधन केंद्रात सध्या एकच प्रश्न आहे : एवढ्या मोठ्या रानात किडीला नेमका कोबीच कसा सापडतो? तर वासाने. कोबीचं पान फाटलं की मोहरीसारखा झणझणीत वास सुटतो. बिचारा कोबी तो किडींना हाकलायला सोडतो आणि बऱ्याच किडी पळतातही. पण तिळाएवढे, उड्या मारणारे काळे भुंगेरे आहेत, त्यांना ते आमंत्रण वाटतं. (आमचे थोरले काका आठवा. त्यांना "उशीर होईल हं तुम्हाला" म्हटलं की ते पुन्हा चहा मागतात.)

तो वास आम्ही बोटाएवढ्या बाटलीत भरला. शेताच्या कडेला चिकट सापळे लावायचे, त्यांवर एकेक थेंब टाकायचा, म्हणजे भुंगेरे पीक सोडून तिकडे जातील, असा बेत. थेंब टाकायला मी निघालो. साहेबांच्या लाडक्या कोबीच्या वाफ्यापाशी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि कोटाच्या खिशात कट्कन आवाज झाला.

पाच मिनिटं काहीच घडलं नाही. मग बाहीवर एक ठिपका दिसला. तो झटकला, तर तिथे चार. पुढे मी मोजणं सोडलं आणि पळालो, तो नेमका वाफ्यातूनच. आणि ज्यांना माझ्या अंगावर जागा मिळाली नाही ते कोबीवर उतरले. साहेब बांधावरच होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला.

तेवढ्यात शेजारच्या काचघरात टोमॅटो सांभाळणाऱ्या मुलीने मला बाहीला धरून आत ओढलं, कोट साबणाच्या बादलीत बुडवला आणि मला टोमॅटोच्या दाट रोपांत उभं केलं. त्या पानांचा वास इतका उग्र, की भुंगेरे दारापाशी घोटाळले आणि परत फिरले.

"रोजच इतके लोक मागे असतात का तुमच्या?" तिने विचारलं.

मामा, तीन वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. मी कोबीविषयी बोलत सुटलो. ती अर्धा तास ऐकत होती.

साहेबांच्या कोबीची चाळण झाली. पण भुंगेरे परतताना त्यांनीही पाहिले होते, त्यामुळे पुढच्या हंगामात कोबीत टोमॅटोच्या ओळी लावायचं ठरलंय. अहवालात माझा उल्लेख "किरकोळ अपघात" असा आहे.

गुडघा शेकत जा. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. त्या मुलीने मला होकार दिला आहे. रविवारी आई तिला भेटायला येते आहे. त्याआधी आईची तेवढी समजूत घाला, ती तुमचंच ऐकते. चारचौघांत आई मला शास्त्रज्ञ म्हणते. मी इथे बाटल्या धुतो. वर जिथे "आम्ही" आलंय, तिथे "ते" वाचावं.

ता. क. दुसरा. मी बाटल्या धुतो हे मुलीलाही सांगून टाकलं. ती म्हणाली, "ते माहीत आहे मला. माझ्या बाटल्यांवर डाग राहतात, हेच तर तीन वर्षं सांगायचं होतं."