उन्हात कललेला मनोरा

केलर्स पॉइंट, पूर्व काठ
१२ फेब्रुवारी

प्रिय डॅड,

बरा असशील. तुझा गुडघा कसा आहे ते नोरीन आत्याकडून कळतं, कारण तू फोन उचलत नाहीस. एका काठावरून समोरच्या काठावर पत्र पाठवणारी मीच पहिली असेन. इकडे भर उन्हाळ्यातल्या उकाड्याने सगळे हैराण आहेत, मी मात्र ठणठणीत.

तुझा विनोद इथपर्यंत पोचला. तुझ्या फेरीबोटीत चढणाऱ्या प्रत्येकाला तू बोट दाखवून सांगतोस म्हणे, "आमच्या पोरीचा मनोरा बघा, क्लबातून पिऊन घरी निघालाय." परवा आमच्या मुकादमाने तो मलाच ऐकवला. मी हसले. मग गाडीत बसून रडले, पण ते असो.

पुलाचा मनोरा कललाय हे खरं. मीच कलवलाय. नदीवरच्या रस्त्याचं सगळं ओझं केबलींवर आलं की त्या त्याला नदीकडे ओढणार. आज सरळ बांधला असता तर उद्या पाण्यात वाकून बघत राहिला असता. म्हणून काठाकडे झुकवला. किती झुकवायचा हे ठरवण्यात माझी दोन वर्षं गेली. ओझ्याखाली काँक्रीट वर्षानुवर्षं दबत जातं, तेही त्यात धरलंय. आमच्या रिवाजाप्रमाणे दुसऱ्या एका इंजिनियरने माझे आकडे न बघता सगळा हिशेब नव्याने मांडला. उत्तर तेच आलं. गुरुवारी पहाटे अंधारातच शेवटच्या केबली ताणल्या की मनोरा सरळ होणार. मला तिळमात्र शंका नाही.

आता आत्याने काल सांगितलेलं. दुपारची फेरी लावली की तू धक्क्यावर बसतोस, दोरीला शिशाचा गोळा बांधून डोळ्यांसमोर धरतोस आणि मनोरा तिच्याशी ताडून बघतोस. रोज थोडा जास्तच कललेला दिसतो म्हणून तुला झोप नाही. मला वाटलं होतं तू माझी टर उडवतोयस. तू तर घाबरला होतास.

अरे, दुपारी कोण मापतं? उतरतं ऊन नदीकडच्या अंगावर पडतं, ती बाजू तापून फुगते आणि अख्खा मनोरा काठाकडे वाकतो. रात्रीत परत येतो. ऊन जसं वाढलं, तसा तुझा घोर वाढला. आम्ही सूर्य उगवायच्या आत मापतो. गुरुवारी पहाटे दोरी घेऊन ये.

एक गोष्ट लिहायची टाळत होते. पूल सुरू झाला की फेरी बंद. तिच्या बाकावर मी गृहपाठ केला, आणि ती माझ्याच पुलामुळे थांबणार. याचं उत्तर माझ्या कुठल्याच हिशेबात नाही. फार वाईट वाटतं, डॅड. पुलाची लाज मात्र वाटत नाही.

उद्घाटनाच्या दिवशी मला पहिल्या गाडीत बसवणार होते. मी नाही म्हणून कळवलंय. त्या वेळी मी तुझ्या शेवटच्या फेरीत असेन. नदीच्या मध्यावर जरा थांबव. दोरी तू धर, मी तुझ्या खांद्यावरून बघेन.

समोरच्या काठावरची, तरी तुझीच,
ब्रॉन्विन