एकशेतीस अंशांची मांडी

८ जुलै, मंगळवार

प्लास्टर निघालं! आतून जो पाय बाहेर आला तो माझा वाटेचना. वाळका, फिकट, कुणाचा तरी उसना आणल्यासारखा. आणि गुडघा वाकतच नाही. बसमधून उतरताना पाय काय घसरला, दोन महिने गेले.

आमच्या बेटावरच्या इस्पितळात व्यायाम करून घेणारी नवी मुलगी आलीय, लोसा. फिजीत शिकून आली. तिनं प्लास्टिकचा भलामोठा कोनमापक गुडघ्याला लावला आणि म्हणाली, "मावशी, साठ अंश."

"मला मांडी घालायचीय," मी म्हटलं.

"मांडी कशाला? गुडघ्याला वाईटच ती. खुर्ची वापरा."

तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं शहाणे, मताईंच्या सभेत खुर्चीवर कोण बसतं? मार्चमध्ये माझा भाऊ गेला. घराण्याच्या प्रमुखाचं, मताईचं पद रिकामं आहे. ते मला मिळायचं तर चार तास मांडी घालून, खांबाला पाठ टेकून बसावं लागेल. पाय पसरला तर समोरच्या मताईच्या तोंडासमोर माझा तळवा!"

"पायावर चटई टाकायची. माझे आजोबा टाकायचे."

"पद घेतानाच? पहिल्याच दिवशी म्हातारी?"

ती हसली. कागदावर काहीतरी लिहिलं. मांडीला एकशेतीस लागतात म्हणे. म्हणजे सत्तर कमी. सत्तर अंश कुठून आणू मी!

११ जुलै, शुक्रवार

घराण्याची तिसरी बैठक. निकाल — काहीच नाही, कारण सगळ्या घरांचं एकमत लागतं. वीस घरं माझ्या बाजूची, सोळा साकाइओच्या. साकाइओ माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. स्वतः तोंडातून शब्द काढत नाही. त्याची बायको सुलू आणि तिचे भाऊ मात्र नुसते कडाडत होते. "पोस्टात बसून तिकिटं चिकटवली म्हणजे घराणं चालवता येतं होय?" हे मला! तेहतीस वर्षं चालवलं मी ते पोस्ट.

कुणीतरी कोर्टाचं नाव काढलं. पलीकडच्या गावातलं एक घराणं पदासाठी कोर्टात गेलं, त्याला एकोणीस वर्षं झाली. सख्ख्या बहिणी चर्चमध्ये एकमेकींकडे पाठ करून बसतात. मरणालासुद्धा जात नाहीत.

शेवटी सगळ्यात म्हाताऱ्या काकांनी तोड काढली — सतरा ऑगस्टला पुन्हा बसू. तोवर आपेरीलाचा गुडघा वाकला तर बघू, नाही तर साकाइओ. म्हणजे घराण्याचं भवितव्य माझ्या गुडघ्याच्या वाटीवर!

निघताना साकाइओ जवळ आला. "ताई, पायाला जप." खोचकपणा नाही तर काय!

१२ जुलै

व्यायाम. रबरी पट्टा. आई गं.

१४ जुलै, सोमवार

वहिनी, म्हणजे भावाची विधवा फुआतिनो, मला हाताला धरून सालाफाईकडे घेऊन गेली. सालाफाई गावची रगडणारी. वय कुणालाच ठाऊक नाही. हात मात्र सुताराचे.

पालथी झोपवेल वाटलं. तिनं उताणी झोपवलं आणि खोबरेल घेऊन पोटच रगडायला सुरुवात केली.

"अहो, दुखणं गुडघ्यात आहे!"

"गप गं पोरी. तुझा तोआला चळलाय."

तोआला राहतो बेंबीच्या खाली. तो जागेवर असला की माणूस ठीक. घसरून पडलं, धास्ती घेतली, कुणावर राग धरला की तो निघतो फिरायला. माझा म्हणे डाव्या बाजूनं उतरून थेट गुडघ्यात जाऊन बसलाय. आता त्याला गोडीगुलाबीनं वर आणायचा. तासभर ती त्याच्याशी बोलत होती. "चल रे बाबा. घरी चल. तिथं काय आहे तुझं?" मी तिथं नव्हतेच जणू.

मग विचारलं, "राग कुणावर आहे तुझा?"

"कुणावर नाही."

"तोआला हसला बघ," म्हणाली.

एकच अट. तिचा हात चालू असताना दुसऱ्या कुणाचा हात अंगाला लागता कामा नये. नाहीतर तोआला गोंधळतो, कुणाचं ऐकावं कळत नाही त्याला. मी मान डोलावली. उद्या लोसाची पाळी आहे. आता आली का पंचाईत!

१५ जुलै, मंगळवार

लोसानं हुंगलं. "मावशी, खोबरेल?"

"केसांना."

"गुडघ्यावरच्या केसांना?"

आणि कोनमापक लावला. बरी आहे पोरगी. अडुसष्ट अंश.

२० जुलै, रविवार

हद्द झाली! पाळकांनी आज प्रार्थनेत माझा गुडघा घेतला. आजारी, प्रवासी, बोटीवर गेलेले, आणि "आपेरीलाचा गुडघा, जो काल चौऱ्याहत्तर अंशांवर पोचला". सगळं चर्च "आमेन!" म्हणून गरजलं. बायकांच्या पांढऱ्या टोप्या वळून वळून माझ्या झग्याकडे बघायला लागल्या. आकडा कुणी फोडला? फुआतिनोनं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आता दुकानात पाव घ्यायला जायची सोय राहिली नाही. "किती झाले?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. थेट किती झाले!

२३ जुलै, बुधवार

सालाफाईनं पाय उचलून धरला होता, अगदी छताकडे. तेवढ्यात संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा. घंटा झाली की आमच्या गावात जो जिथं असेल तिथं थांबतो. तीही थांबली — माझी टाच हातात धरून, डोळे मिटून. स्तोत्र म्हटलं. दुसरं म्हटलं. मग आपल्या दिवंगतांची एकेक करून आठवण काढली, आणि तिचे दिवंगत काही थोडेथोडके नाहीत. मी टांगलेली! दुसरी घंटा झाली तेव्हा पाय खाली आला.

पण खरं सांगू? त्यानंतर तो जरा सैल वाटला.

२९ जुलै

ब्याण्णव. सालाफाई म्हणते तोआला मांडीपर्यंत वर आला. लोसा म्हणते स्नायू सुटतोय. मी दोघींना हो म्हणते.

१ ऑगस्ट, शुक्रवार

साकाइओनं नवंच काढलंय. रोज सकाळी आपल्या घराच्या ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून, मांडी घालून बसतो. तीन-तीन तास! समोर काही नाही. हातात काही नाही. नुसता बसतो. माझी इस्पितळाची बस तिथूनच जाते. अख्खी बस खिडकीतून बघते, मग माझ्याकडे बघते. सुलू शेजारी पंख्यानं वारा घालत असते.

आज मला बघून मान लववली त्यानं. आमच्याकडे भावानं बहिणीला मान द्यायचा असतो, चुलत असला तरी. याची लववलेली मान मला टोचते. हावरा! लहानपणी माझ्या पानातलं भाजलेलं रताळं पळवायचा, तोच हा.

५ ऑगस्ट, मंगळवार

सालाफाईला कळलं. रबरी पट्ट्याचा वळ दिसला पायावर.

"कोणाचा हात?"

"हात नाही. रबर आहे."

बराच वेळ विचार केला तिनं. रबराला हात म्हणायचं की नाही? मग सोक्षमोक्ष लावायला स्वतःच बसमध्ये चढली माझ्याबरोबर, आणि दाणदाण इस्पितळात. लोसाच्या समोर उभी राहिली. लोसानं काय करावं? पटकन खाली जमिनीवर बसून बोलली तिच्याशी, नातीनं बसावं तसं. म्हातारीनं तिचे हात उलटेपालटे करून पाहिले, तळवे दाबले.

"गार आहेत," म्हणाली. "पण बोटांना अक्कल आहे."

ठरलं. मंगळवारी-शुक्रवारी लोसा, बाकी दिवस सालाफाई. रविवारी तोआल्याला सुट्टी. मला कुणीच विचारलं नाही.

१२ ऑगस्ट

एकशे नऊ. संध्याकाळी चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला टाळ्या. पाळकांनी थांबवल्या नाहीत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

एकशे बारा. आणि तिथंच थांबलं घोडं. लोसानं दाबलं, मी किंचाळले, बाहेरच्या रांगेतले तिघे घरी निघून गेले.

"खरं सांग," मी म्हटलं. "परवा होईल?"

"परवा नाही, मावशी. महिनाभरानं होईल."

महिन्यानं काय करायचं ते! घरी येऊन खूप रडले. मला पद मिरवायला नकोय. भाऊ जाताना म्हणाला होता, "घर एकत्र ठेव." एवढंच म्हणाला. कोर्टात गेलं की संपलं. साकाइओला मिळालं तर माझी वीस घरं गप्प बसणार नाहीत, आणि मला मिळालं तर त्याची सोळा. मी मात्र पायाला खोबरेल लावत बसलेय.

१६ ऑगस्ट, शनिवार

साकाइओ अडकला! मांडीत! सकाळी बसला तो उठेचना. सुलूनं ओढला, तिच्या भावांनी ओढला. तसाच्या तसा आडवा झाला, मांडी कायम.

शेवटी सहा जणांनी बसल्या बैठकीत उचलून छोट्या ट्रकच्या मागच्या फळीवर ठेवला. रस्ताभर दोन्ही बाजूंना गाव. हा वर मांडी घालून, हात गुडघ्यांवर, चेहरा गंभीर. पोरं ट्रकच्या मागं पळत होती. कुणीतरी चर्चमधल्यासारखे हात जोडले आणि मग हशाचा जो भडका उडाला! मीही हसले. पोट दुखेपर्यंत हसले, देवा माफ कर.

मीही गेले इस्पितळात, सालाफाईला घेऊन. लोसानं त्याचा गुडघा धरला, ओढला. "आ!" म्हणून ओरडला. सालाफाईनं बेंबी चाचपली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकाला वाकवायचंय, एकाला सरळ करायचंय, दोन खाटा शेजारी-शेजारी! मला वाटलं, आता या दोघी भांडणार.

भांडल्या नाहीत. सालाफाई म्हणाली, "याला वेळ लागेल." लोसा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हो, बराच."

संध्याकाळपर्यंत पाय कसेबसे सुटले, पण उभा राहायचा तो कुबड्यांवर. आणि मांडी? "आता जन्मात नाही," साकाइओ सुलूच्या भावांदेखत म्हणाला. "मला उचलून सभेत नेणार का रोज? गाव हसेल." त्या भावांचे चेहरे!

१७ ऑगस्ट, रविवार

बैठक पाव तासात संपली. साकाइओची सोळा घरं खाली मान घालून बसली. ज्याचा माणूस कालच ट्रकवरून मिरवला, त्यानं बोलायचं काय? छत्तीसच्या छत्तीस घरांनी माझं नाव घेतलं. कोर्टाचं नाव कुणी काढलं नाही. विधी तेरा सप्टेंबरला ठरला, कारण "गुडघ्याला महिना हवा" असं सुलूनंच सुचवलं! मला मिठीही मारली. मी तिला जपून मिठी मारली.

२६ ऑगस्ट

एकशे एकवीस.

५ सप्टेंबर

एकशे अठ्ठावीस. लोसा नाचली. सालाफाई म्हणाली, तोआला दारात उभा आहे, लाजतोय.

१३ सप्टेंबर, शनिवार

बसले! चार तास दहा मिनिटं. पाठीला भावाचा खांब. आवाचा, मुळी कुटून केलेल्या पेयाचा, मानाचा प्याला हातात आला तेव्हा डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, मग तीही जाणीव गेली. पण हलले नाही. तळवा कुणाला दिसला नाही. मागं बायकांत लोसा आणि सालाफाई खेटून बसल्या होत्या. "स्नायू," एक म्हणत होती. "तोआला," दुसरी. दोघी माझ्याकडे बोट दाखवून श्रेय घेत होत्या.

डुकरं भाजली, चटया वाटल्या, डब्यातल्या बीफची रास. साकाइओ कुबड्यांवर आला, लांब झाडाखाली खुर्चीवर बसला. कुणीतरी चिडवलं, "काय रे, आज मांडी नाही?" सगळे हसले. तोही हसला. मला जरा वाईट वाटलं. पण जरासंच.

१८ सप्टेंबर, गुरुवार

त्याच्या वाटणीचं मांस द्यायला साकाइओच्या वरच्या मळ्यात गेले. सुलू घरी नव्हती. कुबड्या एका माडाला टेकून ठेवलेल्या. वर बघते तर साकाइओ शेंड्यावर! दोन्ही गुडघे खोडाभोवती घट्ट मिटलेले, साठीच्या जवळ आलेला माणूस, गाणं म्हणत शहाळी तोडतोय. त्या सोळा घरांनी त्याला माघार घेऊ दिली नसती. म्हणून ट्रकवर चढला, सगळ्या गावाला हसू दिलं. मलासुद्धा.

सरसर खाली उतरला. हात झटकले. मग कुबड्या घेतल्या, काखेत नीट बसवल्या आणि लंगडत घराकडे निघाला. मी घराण्याची मताई, नीरफणसाच्या आड लपून उभी होते, हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून झग्याची बाही तोंडात धरून.